काळ्या पानाचं माप

ती: अहो, नळाखाली नाही धरायचं! तंबाखूचं पान आहे ते, पालेभाजी नाही धुवायला.

तो: ओलं करा म्हणालीस. केलं ओलं.

ती: ओलं नाही, नरम म्हणाले. फवारा मारायचा, दमट फडक्यात गुंडाळायचं आणि गप्प बसायचं. हे बघा, गळतंय कसं. आता वाळवा आणि पुन्हा पहिल्यापासून नरम करा.

तो: तू नीट सांगत नाहीस.

ती: चौथ्यांदा सांगतेय. प्लास्टर हाताला आहे, तोंडाला नाही.

तो: ते दिसतंच आहे.

ती: म्हणून म्हणते, थांबा. पाच आठवड्यांनी हात मोकळा होईल, मी करून देते. इतकी वर्षं दिलीच ना?

तो: डब्याच्या तळाशी चिमूटभर भुगा उरलाय. काल तो भरला तर नुसता ठसका लागला. पाच आठवडे काय करू? रिकामा पाईप चोखू?

ती: चोखा. लहान मुलं अंगठा चोखतात, त्यांचं काही बिघडत नाही.

तो: दुकानातली मी ओढत नाही, तुला माहीत आहे. पाकात बुडवलेला भुसा नुसता. अख्खं पान आणायचं, घरी कातरायचं, घरी मिसळायचं. त्यातला कण न् कण कुठून आला ते आपल्याला ठाऊक.

ती: तुम्हाला ठाऊक! शेवटचं पान हातात कधी धरलं होतंत?

तो: मिश्रण माझं आहे. हे बघ, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. माझं अक्षर, खाली माझी सही, तारीख. पिवळं पान दोनशे ग्रॅम, काळं पान शंभर ग्रॅम, मध एक चमचा. हात तुझे असतील, पण माप माझं.

ती: बरं, साहेब. माप तुमचं. आता ते फडक्यातलं सकाळचं पान घ्या. बोटाला गुंडाळून बघा.

तो: तुटलं.

ती: कडेचं घेतलंत. मधलं घ्या. कमावलेल्या कातड्यासारखं लागायला हवं. दुमडलं तर दुमडावं, कुरकुर करू नये. तुमच्यासारखं नको.

तो: हं. हे दुमडतंय.

ती: आता मधली जाड शीर काढायची. टोकाकडून धरा. अर्धं पान एका बाजूला, अर्धं दुसऱ्या बाजूला, आणि शीर ओढा. देठाकडून नाही! टोकाकडून!

तो: ओरडू नकोस. ओरडलीस की भलतंच टोक धरलं जातं.

ती: चाळीस वर्षं मी कपडे शिवले. पोरीबाळींना शिवण शिकवलं. दहा वर्षांची मुलगी तिसऱ्या दिवशी सरळ टीप मारायची. तुम्ही सकाळपासून सात पानं फाडलीत.

तो: आठ. मोजायचं तर बरोबर मोज.

ती: धन्य आहे! आता बिनशिरेची पानं एकावर एक ठेवा. गुंडाळी करा. घट्ट, अजून घट्ट. सुरी लावा आणि बारीक चकत्या पाडा. इतक्या जाड नाही. दोरखंड करायचाय का?

तो: मला वाटलं होतं हे दहा मिनिटांचं काम आहे.

ती: मलाही तसंच वाटायचं, म्हणजे तुम्हाला तसं वाटतं असं मला वाटायचं. दर डब्याला माझा अख्खा दिवस जायचा.

तो: तू कधी बोलली नाहीस.

ती: तुम्ही त्या दिवशी वाचनालयात असायचात. मीच पाठवायची. घरात असतात तर शंभर सूचना दिल्या असत्यात.

तो: आता तराजू काढतो. हे बघ, आजही तोल अचूक. खात्यातून बाहेर पडताना लोक घड्याळ मागतात, मी हा मागितला. चौतीस वर्षं वजनमापं तपासली. एक दुकानदार पारड्याच्या खाली मेण लावायचा, पाच ग्रॅमचं. मी दारातूनच ओळखलं.

ती: ऐकलंय. लग्नात आलेल्या पाहुण्यांनीही ऐकलंय.

तो: पिवळं दोनशे. झालं. आता काळं. कुठे ठेवलंयस?

ती: ते असू दे. आधी पिवळ्यात मध घाला.

तो: आधी पान, मग मध. कागदावर क्रम आहे.

ती: अहो, पानं दर वर्षी सारखी येत नाहीत. यंदाचं पिवळंच कडक आहे. काळं घालायची गरज नाही. मी आपली हाताच्या अंदाजाने करते. नाकाला कळतं.

तो: नाकाला! मी नाकावर विश्वास ठेवला असता तर निम्मा बाजार सुटला असता. काटा सांगेल ते खरं. आणि काळ्या पानाशिवाय पाईपला अर्थ काय? दम त्याच्यात आहे. सकाळी पहिला झुरका घेतला की छातीत कसा दिवा लागतो. परवा डॉक्टरलाही हेच सांगितलं.

ती: सांगितलंत. मी शेजारीच बसले होते.

तो: त्या जुन्या डॉक्टरने काय भाकीत केलं होतं? पाईप सोडला नाही तर पासष्टी दिसणार नाही. मी म्हटलं, पाईप नाही सोडत, डॉक्टर सोडतो. सोडला. आज एकाहत्तर चालू आहे. दोन जिने न थांबता चढतो. तीच तंबाखू, तेच माप, अकरा वर्षं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

ती: नऊ दिवस इस्पितळात होतात तेव्हा.

तो: ते अपचन होतं.

ती: अपचनाला छातीला तारा लावत नाहीत.

तो: कुठे आहे काळं पान? संपलं असेल तर मागवतो.

ती: आहे. भरपूर आहे.

तो: मग दे.

ती: मला आठवत नाहीये कुठे ठेवलंय.

तो: तुला? शिवणाच्या डब्यातली सुई अंधारात सापडते तुला.

ती: मी थकलेय हो. हात ठणकतोय. उद्या करू.

तो: तू बैस. मी शोधतो. खालच्या खणात नाही. मधल्या खणात बरण्या. वर काय आहे?

ती: वर पांघरुणं आहेत. स्टुलावर चढू नका. एक हात मोडलाय या घरात, तेवढा पुरे. अहो, ऐका ना. अहो!

(स्टूल ओढल्याचा आवाज. पांघरुणं खाली पडतात.)

तो: हे बोचकं पांघरुणांच्या मागे होतं. भिंतीला टेकवून.

ती: हं.

तो: माझी चिठ्ठी आहे वर. काळं पान, पाचशे ग्रॅम. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

ती: तुम्ही सगळ्यालाच चिठ्ठी लावता. मिठाच्या बरणीलासुद्धा.

तो: सुतळीची गाठ माझी आहे. दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली. जप्तीच्या मालाला मी अशीच मारायचो. ही सुटलेली नाही.

ती: घट्ट मारलीत. सुटली नसेल.

तो: थांब, वजन करतो. चारशे ब्याण्णव. आठ ग्रॅम तर नुसतं वाळून कमी झालं. म्हणजे तीन वर्षांत यातलं एक पान वापरलेलं नाही.

ती: आधीचं शिल्लक होतं.

तो: आधीचं किती होतं ते मला माहीत आहे. चार डबेही झाले नसते त्यात. आणि तू तीन वर्षांत पंधरा तरी भरलेस.

ती: झालं? लागला का सगळा तपास?

तो: नाही लागला. डब्यात काळे तुकडे असायचे. मी डोळ्यांनी बघितलेत. ते काय होतं?

ती: पिवळंच.

तो: पिवळं काळं दिसतं?

ती: चाळणीवर ठेवून वाफवायचं, वर झाकण. चार तास. काळपट होतं. ती चाळणी तपकिरी का झालीय, असं तुम्ही दोनदा विचारलंत. मी चहा सांडला म्हणाले.

तो: दोनदा चहा?

ती: तुम्ही तपासनीस. विश्वास ठेवलात.

तो: कधीपासून?

ती: इस्पितळातून आलात त्या महिन्यापासून. पहिल्या डब्याला दहा ग्रॅम काढलं. दोन दिवस मला झोप नाही. तुम्ही झुरका घेतलात आणि म्हणालात, यंदा छान जमून आलीय. मग दर डब्याला थोडं थोडं. कधी पाच ग्रॅम, कधी दोन. तुम्हाला सर्दी झाली की वीस. आठ वर्षांत शून्यावर आले.

तो: म्हणजे तीन वर्षं मी... छातीत दिवा लागतो म्हणून सगळ्यांना सांगत फिरतोय.

ती: लागत असेल. मी कुठे नाही म्हणतेय?

तो: आणि हा छोट्या तोंडाचा पाईप? तू माझ्या साठीला दिलेला?

ती: त्यात जुन्याच्या निम्मी तंबाखू मावते.

तो: वा! चौतीस वर्षं मी शहरभर खोटी मापं पकडत हिंडलो, आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार. पारड्याला मेण लावणारा बरा, तो निदान परका होता.

ती: करा दंड.

तो: हसू नकोस. मला राग आलाय.

ती: हसत नाहीये. मलाही आलाय. अकरा वर्षांचा साठलाय. तुम्हाला समोरासमोर सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर बदललात तुम्ही! मला बदलायला किती वेळ लागला असता?

तो: काहीतरीच बोलू नकोस.

ती: त्या नऊ रात्री मी बाकावर बसून काढल्या. आत तुमच्या छातीला तारा, आणि तुम्ही शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलंत? पाईप कुठे आहे. मी कुठे आहे, हे नाही विचारलंत.

तो: तू समोरच होतीस.

ती: हो. पाईपही समोरच होता, टेबलावर.

(तो काळ्या पानाचं बोचकं तराजूशेजारी ठेवतो.)

ती: आता तुम्हाला कळलंय. ते समोर काळं पान आहे, तुमच्या सहीचा कागद आहे, शंभर ग्रॅमचं वजन आहे. माझा एक हात गळ्यात बांधलेला. मी काही तुमच्या हातून हिसकावून घेऊ शकत नाही. घाला.

तो: एक विचारू?

ती: विचारा.

तो: गेल्या आठवड्यात मी म्हटलं, रविवारी हे कपाट साफ करतो. तू शनिवारी स्टुलावरून पडलीस.

ती: हं.

तो: पांघरूण काढत होतीस म्हणालीस. इतक्या उन्हाळ्यात.

ती: बोचकं खालच्या खणात होतं, तुमच्या हाताला लागलं असतं. वर सरकवलं, पांघरुणांच्या मागे ढकललं. ढकलताना पाय घसरला.

तो: एवढ्यासाठी मनगट मोडून घेतलंस.

ती: मोडून घेतलं नाही. मोडलं.

तो: फेकून द्यायचं होतंस.

ती: चांगलं पान आहे, पैसे मोजून आणलेलं. आणि तुमची चिठ्ठी होती त्यावर. तुमच्या चिठ्ठीचा माल मी फेकत नाही. मिठाची बरणी फुटली तेव्हाही चिठ्ठी काढून ठेवली होती.

तो: कमाल बाई आहेस. आता सांग, हे पिवळं वाफवायचं कसं?

ती: तुम्ही वाफवणार? दोन्ही हात भाजून घ्याल. दोन माणसं आणि मिळून चार हात, त्यातला एकच धड उरेल.

तो: तीन धड आहेत अजून. सांग.

ती: निम्मं पान चाळणीत पसरा. चाळणी पाण्याला टेकवायची नाही. आच मंद. ते पातेलं नाही, मोठं. अहो, मोठं! झाकणाला फडकं गुंडाळा, नाहीतर वाफेचं पाणी पानावर टपकतं. असं. जमलं की.

तो: आता काळं.

ती: म्हणजे? एवढं सगळं बोलून...

तो: ऐक तर. कागदावर काळ्याची ओळ आहे. ओळ आहे तर माप व्हायला हवं, नाहीतर मला झोप लागणार नाही. हे बघ, मी सुतळी सोडली. पान हातात घेतलं. आणि तराजूचा काटा भिंतीकडे फिरवला. मला दिसत नाही, तुलाही दिसत नाही. तुझं नाक, तुझा अंदाज. तू पुरे म्हणशील तिथे मी थांबतो.

ती: शब्द?

तो: शब्द.

ती: सही करून द्याल?

तो: खाली तारीखही घालीन. बोल.

ती: पुरे.

तो: अगं, अजून मी पारड्यात काही टाकलंच नाहीये.

ती: म्हणूनच तर म्हटलं.