राखाडी पँटची आतली शिलाई

पुरवणी जबाब

जबाब देणारी: कोपऱ्यावरच्या शिलाई दुकानाची मालकीण, ओळखीत 'मास्तरीणबाई'. वय ४९. धंदा शिवणकाम, सत्तावीस वर्षे. राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत.

आज शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता मी आपण होऊन चौकीत आले आणि हवालदारबाईंसमोर सांगते की, माझे पती, वय ५४, वाचनालयात पुस्तकबांधणीचं काम करतात. ते मंगळवारी सकाळपासून घरी आलेले नाहीत. फोन टेबलावरच ठेवून गेले. तशी तक्रार मी बुधवारी दिली आहे. तिच्यात "घरात भांडण वगैरे झालं नव्हतं" असं मी सांगितलं होतं. ते खोटं आहे.

त्यांच्या सगळ्या पँटी मी शिवते. दोन महिन्यांपूर्वी इस्त्री करताना मला एका पँटच्या कंबरपट्टीत आतून दुसऱ्याच हाताची शिलाई दिसली. कंबर पाऊण इंच आत घेतली होती. हाताने घातलेले टाके, बारीक, एकसारखे, दोऱ्याला मेण लावलेलं. कपाट उघडून पाहिलं तर चारही पँटींना तीच शिलाई. मास्तरणीच्या नवऱ्याचे कपडे तिसरंच कोणी शिवतं, हे पाहून माझं डोकं फिरलं. बाईचाच हात, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

ते आधीपासून ताटात अर्धं टाकून उठत होते. विचारलं की म्हणायचे, "पोट सुटलंय गं, जरा कमी करतो." चेहरा उतरलेला मला दिसत होता. पण पँट अंगाला नीट बसते म्हणजे माणूस ठीक आहे, असं मी धंद्यामुळे धरून चालले. नंतर शिलाई सापडली तेव्हा वाटलं, या वयात बारीक व्हायची हौस काही माझ्यासाठी नाही. दोन महिने मी एका शब्दाने विचारलं नाही. मनात मात्र रोज भांडत होते.

सोमवारी दुपारी मी राखाडी पँटची ती शिलाई उसवून ठेवली. आता कोणाकडे जातात ते बघू, असा विचार होता. मंगळवारी सव्वाआठला ते अंगातली सैल पँट कंबरेशी मुठीत धरून दुकानाच्या दारात आले. म्हणाले, "उसवलीस?" मी मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "हो. जिने शिवली तिच्याकडेच जा की. धरून तरी ठेवेल तुम्हाला." ते "बरं" म्हणाले. पट्टा आवळला, कपाटावरची जुनी बॅग काढली आणि गेले. मी कॉलर लावत होते, ती पुरी केली.

काल गुरुवारी दुपारी मी वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंना आधी फोनवर विचारलं होतं, तेव्हा त्या "रजेवर आहेत" एवढंच म्हणाल्या होत्या. काल माझं तोंड पाहून मला मागच्या खोलीत, त्यांच्या टेबलाशी घेऊन गेल्या. तिथे एक पुस्तक अर्धवट शिवून ठेवलेलं होतं. बाजूला मेणाचा गोळा, सुई, दोरा. टाके मी लगेच ओळखले. ती बाई म्हणजे आमचे हेच होते. जेवणाच्या सुट्टीत दार लावून स्वतःच्या पँटी आत घेत होते.

खणात दवाखान्याचे कागद होते. पोटात गाठ. मंगळवारी भरती व्हायचं, बुधवारी ऑपरेशन. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मी त्यांना शंभरदा म्हटलं, घरी सांगा. ते म्हणायचे, तिचा भाऊ याच दुखण्यात गेलाय. आधी होऊन जाऊ दे, मग सांगतो." माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा चार महिने मी मशीनचं झाकण काढलं नव्हतं. यांना ते चांगलं आठवत होतं.

मंगळवारी ते "अशी कोणी नाही" म्हणाले असते, तर मग शिवली कोणी आणि का, हे सांगावं लागलं असतं. म्हणून त्यांनी तो आळ स्वतःच्या अंगावर घेतला. ऑपरेशनला माझं ते बोलणं सोबत घेऊन गेले. याची मला फार लाज वाटते.

दवाखाना परगावी आहे. फोनवर मला काही सांगेनात, म्हणून आज इथे आले. हवालदारबाईंनी माझ्यासमोर फोन लावला. त्या नावाचा पेशंट होता, पण पत्ता वाचनालयाचा, आणि नातेवाईक "कोणी नाही". तिथल्या नर्सबाईंनी ओळखीची खूण विचारली तेव्हा मी म्हटलं, बॅगेतली राखाडी पँट उलटी करून बघा.

नर्सबाईंनी पाहिलं. उसवल्याच्या जुन्या भोकांवरच पुन्हा हाताने शिवलेली आहे, दोरा मेणाचा. त्या म्हणाल्या, "मंगळवारी खाटेवर बसून शिवत होते. म्हटलं, काका, पट्टा आहे ना? तर म्हणाले, ढगळ दिसलो की बायकोच्या लक्षात येतं." ऑपरेशन झालं आहे. शुद्धीवर आहेत. गाठीचं काय ते आठ दिवसांनी कळेल.

मी विचारलं, आतलं जादा कापड कापलंय का? नर्सबाई म्हणाल्या, नाही, घडी करून आत ठेवलंय. पुस्तक बांधताना आमचे हे कड कधी कापत नाहीत, पुढच्या बांधणीला जागा लागते म्हणतात. म्हणजे पँट पुन्हा सैल करायची आहे त्यांना.

माझी हरवल्याची तक्रार आता राहिलेली नाही. बारा चाळीसच्या गाडीने मी जात आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. "जिने शिवली" हे वाक्य गाळू का, असं हवालदारबाईंनी विचारलं. मी म्हटलं, राहू दे, मी बोलले आहे. बाकीही मी सांगितलं तसंच उतरलं आहे, म्हणून सही करते.