खुनी डॉक्टर आणि मी प्रेत

आमच्या देशपांडे डॉक्टरांइतका भित्रा खुनी अख्ख्या रियाधमध्ये सापडायचा नाही. दर शुक्रवारी आम्ही अल सुलै भागातल्या एका गोदामातून नवं नाटक फोनवरून थेट दाखवतो. एकदा सुरू झालं की काहीही होवो, थांबायचं नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी माझा, म्हणजे नाटकातल्या सासऱ्याचा, गळा दाबून खून करायचा आणि प्रेताशेजारी बसून लांबलचक भाषण ठोकायचं.

आता मी पडलो खाडीत बुड्या मारून वाढलेला. म्हटलं, जरा गंमत करू. श्वासच धरून ठेवला.

भाषण अडखळलं. "चाचा?" डॉक्टर पुटपुटले; नाटकाबाहेर मला सगळे चाचाच म्हणतात. मी श्वास सोडेना. गेल्याच वर्षी माझ्या काळजात स्टेंट बसवला होता तो त्यांनीच. त्यांची बोटं माझ्या मानेवर नाडी शोधायला लागली. घाबरलेल्या हाताला ती कुठली सापडते!

"चाचा, श्वास घ्या!" असं ओरडून त्यांनी दोन्ही हातांनी माझी छाती दाबायला घेतली. आता घाम मला फुटला. उठावं तर नाटक बुडतं, पडून राहावं तर बरगडी जाते. दुसऱ्याच दाबाला मी बोंबललो, "आई गं, मेलो!"

"जिवंत आहेत!" म्हणत खुनी माझ्या गळ्यात पडून रडायला लागला.

तेवढ्यात आमचा स्टोअरकीपर सावंत इन्स्पेक्टर होऊन आत शिरला. बिचाऱ्याला एकच वाक्य पाठ. आम्हा दोघांकडे बघत त्याने ते विचारलंच, "प्रेत कुठं आहे?"

मी हात वर केला.