चारही सिलेंडर बराबर

(नवीन जालना. स्टेशनकडच्या रस्त्यावर मुनीरचं गॅरेज, सकाळची वेळ. वडीगोद्रीच्या तातेराव गुरुजींची गाडी बोनट उघडून उभी आहे.)

मुनीर : एकशे सत्तर, एकशे बहात्तर, एकशे सत्तर, अन् हे शेवटचं एकशे अडुसष्ट. चारही सिलेंडरचं कम्प्रेशन, आतला दाब, तुमच्यासमोर मीटर लावून दाखवलं, गुरुजी. बिलकुल बराबर आहे.

तातेराव : बरं.

मुनीर : नुसतं बरं काय? तुमचा मिथुन अख्ख्या वडीगोद्रीत सांगत फिरून राह्यला, मुनीरनं बांधलेलं इंजिन रस्त्यात बंद पडलं अन् आमची आई गेली. भाभींच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आल्तो मी. तुमच्या भावकीतल्या एकानं मला बस म्हणलं न्हाई. ताट हातात घेऊन उभा राह्यलो, तसंच ठेवून निघालो.

तातेराव : पाह्यलं मी.

मुनीर : मंग बोलले का न्हाई? पंधरा दिवस झाले, डोळ्याला डोळा न्हाई माझा. नमाजात बी तेच डोक्यात, कोणता नट ढिला राह्यला आपल्या हातनं? चार महिन्यांखाली अख्खं इंजिन खोलून पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट, सगळं नवं टाकलं. बाराशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन हे. टाइमात ऑइल बदला, पाणी पाहात जा, दोन लाख किलोमीटर हूं की चूं करत न्हाई. ते मंग बंद पडलंच कसं?

तातेराव : आता चालू होतं का?

मुनीर : पहिल्या सेल्फला! ऐकलं न्हाई का तुम्ही? तुमच्या कानाजवळ चालू केलं की.

तातेराव : ध्यान नव्हतं. मुनीरभाई, इंजिन लय तापलं असंल तर नंतर कळतं का?

मुनीर : का न्हाई कळणार? हेड वाकतं, गॅस्केट जळतं, पाणी ऑइलमधी उतरतं. मंग ऑइल कसं होतं, दुधाच्या चहासारखं. हे पहा तुमचं, मधासारखं आहे. हे इंजिन एकदा बी तापलेलं न्हाई.

तातेराव : काटा लालमधी गेल्ता.

मुनीर : कधी?

तातेराव : त्याच दिवशी. अंबडच्या डॉक्टरनं सांगितलं, हार्ट अटॅक आहे, जालन्याला न्या. अॅम्ब्युलन्स दुसरीकडं गेल्ती. मी हिला मागच्या सीटवर झोपवलं अन् निघालो. जालना सात किलोमीटर राह्यलं तवा काटा सर्रकन वर गेला.

मुनीर : सर्रकन? एकदम? ...हां, मंग बराबर. हे पहा. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली. साल निघालं, तांबं बॉडीला लागलं की काटा सरळ वर. पाणी थंड असलं तरी वरच. पाह्यलं? मी म्हणतच होतो, माझ्या इंजिनाला काही झालेलं न्हाई! या अल्लाह, छातीवरचा धोंडा उतरला माझ्या. पण मंग गाडी बंद कशी पडली?

तातेराव : तुम्ही सांगितलं होतं, काटा लालमधी गेला की तिथंच थांबायचं, अर्धा तास चावीला हात लावायचा न्हाई. नवीन काम आहे, इंजिन जाम होईल म्हणले. मी ते कागदावर लिहून स्टेअरिंगजवळ चिकटवलंय.

मुनीर : गुरुजी...

तातेराव : चौतीस वर्षं पोरांना सूचना वाचून दाखवल्या. लिहिलेलं मोडायची सवय न्हाई मला.

मुनीर : तुम्ही थांबले?

तातेराव : बत्तीस मिनिटं. घड्याळ लावून. दोन मिनिटं जास्तीचीच दिली.

मुनीर : अहो, ते मी इंजिन जपायला सांगितलं होतं! मागं पेशंट असताना कोण काटा पाह्यतं? जळू द्यायचं होतं सालं! इंजिन काय, दुसरं बसवलं असतं मी! ...माफ करा. चुकलो. बोलायचं नव्हतं मला.

तातेराव : ती बी तेच म्हणाली. चला की, जाईल गाडी. मी म्हणलो, रस्त्यात जाम झालं तर पोहचूच न्हाई आपण. मंग गप्प पडली. मला वाटलं, बरं वाटून राह्यलं, झोप लागली.

मुनीर : दुसरी गाडी...

तातेराव : झोपलेल्या माणसाला कशाला हलवायचं, म्हणलं. एक सांगा. काटा खरा असता, इंजिन खरंच तापलेलं असतं, तर किती गेलं असतं?

मुनीर : असं सांगता येत न्हाई.

तातेराव : तुम्हाला येतं.

मुनीर : ...सात किलोमीटर गेलं असतं, गुरुजी. खराब झालं असतं, पण गेलं असतं.

तातेराव : बरं.

मुनीर : बरं नका म्हणू असं! रडा, मला शिव्या द्या, काही तरी करा.

तातेराव : येत न्हाई. ती गेल्यापास्नं एकदा बी रडलो न्हाई. जेवतो, पेपर वाचतो, झोप बी लागते. गाव म्हणतं, गुरुजी धीराचे. धीर कशाचा? आत काही हलतच न्हाई. पोरांनी विचारलं तवा तोंडातनं निघून गेलं, गाडी बंद पडली. मंग तेच चालत राह्यलं.

मुनीर : चालू द्या. ऐका माझं. सांगा मुनीरचं काम कच्चं होतं, गॅस्केट गेलं. मिथुन आला तर मी बी तेच सांगतो. चार गिऱ्हाइकं तुटतील, तुटू द्या. आई तर गेली, आता पोरांनी बापाकडं पाह्यचं सोडलं तर कसं व्हायचं तुमचं?

तातेराव : तुम्हाला पंधरा दिवस झोप न्हाई म्हणले.

मुनीर : आज लागंल की. मला कळलं ना खरं काय ते.

तातेराव : थांबा, पायलला फोन लावतो. पोरगी रोज विचारते, मुनीरकाकांना भेटले का, कशानं झालं ते कळलं का.

मुनीर : गॅस्केट म्हणा गुरुजी. एवढंच म्हणा. हात जोडतो.

तातेराव : हां, पायल. गॅरेजात आहे. मिथुन आहे का घरी? त्याला बी बोलाव, फोनचा आवाज मोठा कर. ...आला? ऐका, बाळांनो. मुनीरकाकांचं इंजिन चांगलं आहे. गाडी बंद पडलीच नव्हती. मी थांबवली होती.