भांडाले मानूस पाहिजे

काय सांगू तुमाले, आमचे लोक मूळचे भंडाऱ्याकडचे. सासरा रेल्वेत, त्याची बदली रायपूरले झाली अन् मंग सारे इकडलेच होऊन गेले. मी लग्न होऊन रायपूरच्या भनपुरीत आली ते आजपर्यंत इथंच आहो. नवरा आमच्या पाऱ्याच्या, म्हंजे मोहल्ल्याच्या, मागंच एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर होता. कारखाना लहानसाच, शेठ रोज स्वतः येऊन बसे.

बड्या घालाचं मी इथंच शिकली, रखिया बडी, म्हंजे उडदाची डाळ वाटाची, त्यात कोहळ्याचा कीस घालाचा, फेटून फेटून हात भरून येते, अन् मंग थंडीच्या उन्हात छतावर लुगडं अंथरून त्याच्यावर घालाच्या. गोलबाजारातला दुकानदार आमच्या पाऱ्याच्या बड्या वेगळ्या काढून ठेवे. पन मागं भट्टीत माल टाकला का असा काळा धूर उठे का बस, पांढऱ्याशुभ्र बड्यांवर काजळी, धुवाव तर विरघळते, पुसाव तर तुटते.

एक दिवस माहं टाळकं सटकलं. मी अन् पाऱ्यातल्या बाया, तशीच काळ्या बड्यांची परात उचलली अन् शेठच्या टेबलावर नेऊन ठेवली. नवरा भट्टीवरून पाहून राहिला, त्याचा जीव खालीवर, का हे बाई आपली नोकरी घालवते. मी शेठले म्हटलं, भैया, लोखंड तुमचं, बडी आमची, मंग हे काजळी कोनाची? खाऊन पाहा. तो हासला, मंग म्हने दीदी, भट्टी तो बंद नहीं होगी, बाकी आप बोलो. बोलता बोलता ठरलं, माल टाकाच्या आधी भोंगा वाजवाचा, भोंगा ऐकला का आमी बड्या झाकाच्या, अन् तरी खराब झाल्या तर शेठनं भरून द्याचं. कागद नाही, सही नाही, पन वर्सानुवर्स चाललं. भोंगा माहाच नवरा वाजवे. कधी विसरला तर मी छतावरून त्याले असं काही बोलत होती का सारा पारा हासे.

खोकला नव्हता का? होता. खोटं काहून बोलू, तो धूर काही अगरबत्तीचा नव्हता. माही पोट्टी तेच पाहून मोठी झाली, कॉलेजात पर्यावरनवाल्यांत गेली अन् मले म्हने, मां, ये लोग तुम्हें धीरे-धीरे मार रहे हैं. मराठी समजते तिले सारी, बोलते हिंदीतच. तिनं तक्रार टाकली. मायेपोटीच टाकली, हे मी कोनापुढंही सांगीन.

प्रदूषनवाले सरकारी साहेब लोक आले. काचा बंद गाडीतून उतरले, नाकाले रुमाल, चिमनीचा फोटो काढला, छतावर कोनी चढलं नाही. आमाले कोनी पुसलं नाही का बाई, तुमचं आपसात काही ठरलं आहे का. शेठले म्हने धूर गाळाचं मशीन लावा. शेठ म्हने, कारखाना विकावा लागन तवा ते मशीन येईन, मंग लावू कुठं? गेटाले सील लागलं. अन् जाताजाता आमच्या कोळशाच्या सिगड्याही उचलून नेल्या. आजार म्हशीले अन् औषध पखालीले.

भट्टीवरचा मानूस, त्याले दुसरं काम येत नव्हतं. चौकीदारी धरली, सोडली, मंग नुसता ओट्यावर बसून राहे. म्हने, इतकं चूप आहे इथं का झोप येत नाही. हवा चांगली होती तवा, ते बी खरं, अन् त्या चांगल्या हवेत माहा मानूस वाळून गेला. एका सकाळी उठलाच नाही. रडली बाप्पा, बहुत रडली. पोट्टी आली, बापाच्या पायाजवळ बसली अन् म्हने, मां, आख़िर में पापा की छाती तो साफ़ थी ना. मले तिच्याकडं पाहवलं नाही. हव म्हटलं. मनातलं तिले तवा सांगितलं नाही अन् कधी सांगनारही नाही.

आता ती जागा एका मोठ्या कंपनीनं घेतली, भट्टी पुन्हा पेटली. त्यांच्यापाशी मशीन आहे, सर्टिफिकेट आहे, गेटापाशी झाडं आहेत, बोर्डावर हिरवं पान काढलं आहे. अन् सकाळी माहं छत काळंच. गेली होती मी परात घेऊन. गार्ड म्हने, किससे मिलना है? म्हटलं, मालकाले. म्हने मालिक यहाँ नहीं रहते, शिकायत है तो दफ़्तर जाओ. त्या प्रदूषनवाल्यांच्या दफ्तरात गेली तर तिथला बाबू म्हने कंपनीचं सारं नियमात आहे. म्हंजे माह्या बडीवर नियमातली काजळी पडून राहिली! भांडाले बी मानूस लागते न जी. गार्डाले काय बोलू, त्याच्याच डोळ्यातून धुरानं पानी वाहून राहिलं होतं.

हवा साफ पाहिजे, मी कायले नाही म्हनीन? पन जिचं छत आहे, जिची बडी आहे, तिले इचारून तर करा. सारं तिच्याच नावानं करता अन् तिलेच इचारत नाही.

बड्या आता थोड्याच घालते, पोट्टीपुरत्या. ती बंगलोरले राहते, तिकडंही हेच काम करते, नाव आहे तिचं. सुखी राहो माही लेक, जन्मभर सुखी राहो. दर इतवारी फोन करते. परवा म्हने, मां, अब वहाँ हवा कैसी है? मी पदरानं एकेक बडी झटकून राहिली होती. म्हटलं, बहुत चांगली आहे बेटा, तू काळजी नको करू, तू जेवली का?