बोटीवरचा पोरांचा कोंडवाडा

(माले, ता. मुळशी इथल्या धोंडाबाईंनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत)

माझं म्हायार कोळवणचं आन् सासर हे माले, जातीनं आमी धनगर, मेंढरं-शेरडं राखायची, जमीन म्हणाल तर भाताची दोन खाचरं, ती बी उताराची. कोळवणला जिथं माझ्या बापाची मेंढरं बसायची तिथं आता बंगलं झालं, बंगल्याला कुंपण आन् कुंपणाच्या आत ही एवढाली कुत्री, हितं बी तसंच, मंग मेंढरं न्यायची कुटं, आमची बी विकली, शेरडं तेवढी ऱ्हायली, ती सून बघती. तुमी लिवून घेताय तर आदी एक लिवा, माझा स्वभाव संशयी हाय. आमचं मालक हुतं तवा म्हणायचं, धोंडे, तुझ्यापुढं देव जरी उभा ऱ्हायला तरी तू त्याला इचारशील, कुण्या गावचा? पर काय सांगू तुमाला, मेंढरामागं वाढलेल्या माणसाचा एक डोळा सारखा झाडीकडं ऱ्हातो, तिकडं काय हाललं, हिकडं काय वाजलं. ती खोड अंगातनं जात न्हाई.

तर मालक गेलं आन् मी नांद्याला कामाला लागले. तिथं शेतात आता बिल्डिंगाच बिल्डिंगा, त्यातल्या एकीत नवव्या मजल्यावर दीपाताई आन् निखिलदादा, दोगं बी अमरावतीकडचं, हिंजवडीला कंपनीत. पोरगी झालेली, इरा तिचं नाव, तीन म्हैन्याची हुती, मान सुदिक धरत नव्हती नीट. ताईंची रजा संपलेली, घरचं म्हातारं माणूस कुणी जवळ न्हाई. मी म्हणलं आण हिकडं, आन् घेतली मांडीवर, ती जी घेतली ती चार वर्सं खाली ठिवली न्हाई बघा. रातचं बी तिथंच ऱ्हायाची मी, ऐतवारी तेवढी जीपनं घरी यायची. पोरगी पयला शब्द काय बोलली, तर माऊ. माऊ म्हंजी मावशी, म्हंजी मी. ताई हसल्या, म्हणल्या बघा कशी लबाड आहे, पर हातातला चमचा त्यांनी खाली ठिवला आन् उठून आत गेल्या. मी बघितलं ते. माझ्या नजरंतनं असलं काय सुटत न्हाई.

मंग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दादा म्हणलं, मावशी, आपण सगळे बोटीवर जायचं, मुंबईहून गोव्याला, मोठ्ठी बोट, हॉटेलसारखी. मी म्हणलं मी कामाला येऊ का फिराय? ते म्हणलं फिरायलाच, इराला तिथं सांभाळायला लोक असतात, लहान मुलांचा क्लब असतो, तुम्ही आराम करा. आता मला सांगा, पोरगी सांभाळायला मला ठिवली, आन् पोरगी दुसरं कुणी सांभाळणार, तर मला कशापायी न्यायची? कुनी फुकाट आराम देत असतंय व्हय कुनाला? इचारलं न्हाई, पर कान उघडं ठिवलं. दोन दिसांनी ताई भणीसंगं फोनवर बोलत हुत्या, मी पोळ्या लाटत हुते, त्या म्हणल्या, बघूया, तिथे दिवसभर राहिली ना, तर जूनपासून काही प्रश्नच नाही. माझं लाटणं जागच्या जागी थांबलं. म्हंजी हे आसं हाय. पोरीला माझ्याबिगर ऱ्हायाची सवय लावायची, आन् लागली की मंग धोंडाबाई, तुमी या आता.

त्या दिसापासनं माझ्या जिवाला थारा नव्हता. लुगडी भरली, पोरीची खेळणी भरली, आन् मनात एकच, तिथं पोरगी ऱ्हायली तर माझी पोरगी गेली.

बोट म्हंजी काय इचारू नका. मुळशीचं धरण मी जल्मापासनं बघतीया, पाण्याचं मला नवाल न्हाई, पर पाण्यावर एवढी मोठी इमारत, आत लिफ्टा, आत दुकानं, पोहायचं टाकं, पाण्यावर पाणी! माणसं अर्धी कापडं घालून हिंडत्यात, कुनी कुनाकडं बघत न्हाई. आन् पाचव्या मजल्यावर तो पोरांचा क्लब. मी त्याला कोंडवाडाच म्हणायची. दार काचंचं, पर काचंवर माशांची आन् कासवांची चित्रं डकवल्याली, आतलं काय म्हंजी काय दिसत न्हाई. का वं दिसू देत न्हाईत? आत काय चालतं ते झाकायचं आसंल तवाच माणूस पडदा लावतं का न्हाई? दारात एक पोरगी उभी, श्रेया तिचं नाव, रत्नांगिरीकडची, म्हंजी मराठी बोलायची, पिवळा टीशर्ट, आन् तोंड सारखं हसरं. येणाऱ्यावर हसती, जाणाऱ्यावर हसती. सकाळपासनं सांजपत्तूर कुनाचं तोंड असं हसरं ऱ्हातं का? मी तर त्या हसण्यावरच संशय धरला.

तिनं इराच्या मनगटाला पट्टी बांधली, ताईंचा आन् दादांचा फोटू काढला, म्हणली, मुलीला न्यायला ह्या दोघांपैकीच कुणीतरी यायचं, दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. मी तिथंच उभी, इराचा हात माझ्या हातात. मी ताईंच्या तोंडाकडं बघितलं, म्हणलं आता म्हणतील, हिचा बी काढा. तसं काय त्या म्हणल्या न्हाईत. दादा फोनमंदी बघत हुतं. श्रेयानं माझ्या हातातनं इराचा हात सोडवून घेतला, आन् पोरगी, काय सांगू तुमाला, एकदा सुदिक मागं वळली न्हाई. आत रंगीत चेंडवांचा ढीग दिसला आन् पळाली.

मी दारापाशीच बसले, खाली, गालिच्यावर. म्हणलं रडंल, आता रडंल. लोकं मला चुकवून जायाची. सांजपत्तूर आतनं गाणी आली, हसणं आलं, रडणं काय आलं न्हाई. घ्याया आलं तवा दादा म्हणलं, अहो मावशी, वर जाऊन समुद्र तरी बघा. मी म्हणलं समुद्र कुटं पळून जातुया?

मंग दुसऱ्या दिशी सकाळी मी एक केलं. आमच्यात नवं कोकरू लई हुंदडतं तवा त्याच्या गळ्यात बारकं घुंगरू बांधत्यात. हितं पावसाळ्यात धुकं किती असतंय ठाव हाय ना तुमाला, हाताभरावरचं मेंढरू दिसत न्हाई, पर घुंगराच्या आवाजावर कळतं की हे हितं हाय, हे चरतंय, हे बसलं. आन् आवाज बंद झाला तर काठी घेऊन पळायचं, तिथं मंग लांडगा न्हाईतर तरस. तर तसलंच एक पितळेचं घुंगरू माझ्या पिशवीत हुतं, ते मी काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवलं आन् इराच्या पायात बांधलं. ताई म्हणल्या हे काय, मी म्हणलं दिष्ट लागाय नगं. पोरगी आत गेली आन् मी माझ्या जागंवर, डोळं मिटून, कान दाराला. छुनछुन छुनछुन. आता चेंडवात हाय. आता पळती. आता बसली. लई बरं वाटलं, म्हणलं दार तुमचं, काच तुमची, पर पोरगी कुटं हाय ते मला ठाव हाय.

आन् मंग घुंगरू थांबलं.

आदी म्हणलं बसली आसंल. मंग म्हणलं एवढा येळ? पोरगी एका जागी ऱ्हाणारी न्हाई. कान लावला, बाकीची पोरं वरडत्यात, पर माझं घुंगरू न्हाई. मी दार बडवलं. इरा! इरे! मागच्या दारानं न्हेली काय कुनी, बोटीला मागनं काय दारं थोडी हायेत, आन् चहूकडं पाणी, पोरगी गेली तर शोधायची कुटं? श्रेयानं दार जरासं उघडलं, मी आत घुसाय गेले, तर तिनं हात आडवा लावला. म्हणली, मावशी, आत नाही येता येणार, तुमचा फोटो नाही आमच्याकडे. मी म्हणलं तुझ्या फोटूला लाव आग, माझी पोरगी कुटं हाय! तिला ढकलली मी. मी काय कमी हाय का, मेंढी खांद्यावर टाकून डोंगर चढल्याली बाई हाय. पर ती बी कोकणातली, हालंना. मंग दोन वॉचमन आलं, त्यांनी माझं दंड धरलं, आन् ह्या सगळ्या गोंधळात दार सताड उघडलं आन् मला दिसलं.

इरा टेबलापाशी बसल्याली, तोंडावर वाघाच्या पट्ट्या रंगवल्याल्या, हातात ब्रश. घुंगरू एका पिशवीत घालून वर खिळ्याला अडकवलेलं. श्रेया म्हणली, बारीक वस्तू आहे, मुलं तोंडात घालतात, म्हणून काढून ठेवलं. आन् इरानं माझ्याकडं बघितलं. माझा पदर पडल्याला, केस सुटल्यालं, दोन गडी मला धरून, तोंडानं मी वरडतीया. आन् पोरगी रडली. दोन दिस ज्या रडण्याची मी वाट बघत हुते ते रडणं आलं, पर ती माझ्यासाठी न्हाई रडली वं. मला भिऊन रडली. आन् पळून कुनाच्या कमरंला मिठी मारली, तर त्या श्रेयाच्या.

ताई टाक्यावरनं तशाच ओल्या केसांनी आल्या. मला वर डेकावर घिऊन गेल्या, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटंल. पर त्यांनी माझा पदर सारखा केला. मंग मीच म्हणलं, जूनचं काय हाय ते सांगा की तोंडावर. त्यांचा चेहरा उतरला. म्हणल्या, जूनपासून इराची शाळा दिवसभराची, शाळेतच डे-केअर आहे. तुम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं आम्हाला. त्याआधी तुम्हाला एकदा कुठेतरी छान न्यावं, म्हणून ही बोट. मी म्हणलं, म्हंजी ही बोट माझ्या निरोपाची व्हय? त्या रडाय लागल्या. म्हणल्या, मावशी, पडली तरी ती तुम्हाला हाक मारते, झोपेत सुद्धा तुम्हालाच हाक मारते. मला एकदा तिची आई होऊन बघायचंय हो. राग आला, लई राग आला, ह्यांच्या पोरीचं शी-शू मी काढलं, ताप मी उतरवला, आन् आता आई व्हायचंय. पर बाई रडती ती खोटं रडत नव्हती, तेवढं मला कळतं.

आमच्यात कोकरू दुधावरनं तोडायचं असतं ना, तवा कोकरू हालवत न्हाईत. कोकरू जागंवरच, वाडग्यात, म्हंजी काट्याच्या कुंपणात, बाकीच्या कोकरांत. मेंढीला न्यायची लांब, डोंगराच्या पल्याड, जिथनं तिला त्याचं वरडणं ऐकाय येत न्हाई. कोकरू चार दिसांत चाऱ्याला लागतं. मेंढी लई दिस वरडती, खात न्हाई, मागं मागं बघती. मी माझ्या हातांनी किती मेंढ्या अशा हाकलून न्हेल्या, एकीची सुदिक कीव केली न्हाई. डेकावर बसून मी त्या पाण्याकडं बघितलं, कुटं म्हणून कडा दिसंना, आन् मला हसू बी आलं आन् रडू बी आलं.

त्यानंतर मी खाली त्या दारापाशी गेले न्हाई. एक सांगते, त्या श्रेयावर मंग माझा भरवसा बसला. कारण तिनं माझ्यावर संशय धरला. म्हातारी रडती, वरडती, दार बडवती, तरी आत येऊ दिली न्हाई. मी तिच्या जागी असते तर मी बी दिली नसती. बोट सोडताना मी तिला म्हणलं, पोरी, अशीच ऱ्हा. ती हसली, पर तवा ते हसणं मला खोटं वाटलं न्हाई.

जूनमंदी मी घरी आले. ताईंनी लुगडं नेसवलं, दादा जीपपत्तूर आलं. पयलं पंधरा दिस मला हितं झोपच न्हाई, सून म्हणायची आत्या, जेवा की. गेल्या म्हैन्यात ऐतवारी ती तिगं हितं आली, गाडी घेऊन. इरा मोठी दिसाय लागलीया, दोन येण्या घातल्याल्या. मी हात पसरलं तर पोरगी आईच्या मागं लपली. ताई म्हणल्या, अगं मावशी ना, ओळखलं नाहीस? मंग ती हळूच म्हणली, हॅलो. हॅलो म्हणली मला! मी म्हणलं असूं द्या ताई, आईच्या मागं लपली ना, मंग झालं तर. जिवाला लागलं, न्हाई कशाला म्हणू? पर लपली ती त्यांच्या मागं, हे बघून त्यांचं तोंड किती फुललं हुतं ते बी मी बघितलं. देव तिला सुखात ठेवो, शानी होऊ दे, एवढंच.

आन् जाताना ताईंनी मला बाजूला घेतलं. पदर जरा पोटावर ओढल्याला, मला तर आल्या-आल्याच वास लागला हुता. म्हणल्या, मावशी, माघात बाळ येईल, तुम्ही याल का? तुमच्याशिवाय मला कुणावर विश्वास नाही. मी हो म्हणलं न्हाई, न्हाई बी म्हणलं न्हाई. मला काय कळत न्हाई का, चार वर्सं झाली की पुन्यांदा कुटली तरी बोट निघंल, ह्या बारीला आगगाडी असंल न्हाईतर इमान. सून म्हणती आत्या, जाऊ नका, परत तसंच होईल. तसंच होणार, मला काय ती सांगती. हे बघा, तिकडं दांडीवर ते हिरवं लुगडं वाळतंय ना, जुनं हाय, दहा पाण्यातनं काढलंय, लई मऊ झालंय. बाळाच्या दुपट्याला बरं पडंल.