दाजींच्या स्लॅबला स्थगिती

...आता तुम्हीच सांगा, भिंती उभ्या हायत, चौकट पुजून झाली, सळया बांधून तयार, मिक्सर येऊन दारात उभा, गौरम्मानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, मजुरांसाठी पातेलंभर शिरा केलाय, अन् ऐन स्लॅबच्या दिवशी नगरपालिकेचा माणूस येऊन म्हणतो, "काम थांबवा." काहून? तर गावातल्या बांधकामांना स्थगिती. किती दिवस? "तात्पुरती हाय हो."

तात्पुरती... हा शब्द ऐकला की आमचे दाजी धोंडप्पा हाय तिथं खाली बसतेत आता.

तुम्हाला सांगतो, किराणा दुकानावर संसार केला माणसानं, पण सगळा भाड्याच्या खोल्यांत. गौरम्माचं एकच मागणं, "खिळा ठोकायला कुणाला इचारावं लागू नये, एवढं घर बांधा." ते घर बांधायला काढलं अन् हे असं.

बरं, स्थगिती मागितली कुणी? दाजींनीच. हाव, आमच्याच दाजींनी. नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई अन् टाकीशेजारी ह्ये मोठमोठे अपार्टमेंट उठायलेत, म्हणून रिकाम्या घागरी घेऊन मोर्चा नेला, सगळ्यात पुढं दाजी, "पाण्याची सोय होईपर्यंत बांधकाम बंद करा." तवा त्यांचा नुसता प्लॉट होता. पालिकेनं कधी कुणाचं ऐकलंय का, पण ह्यांचं ऐकलं, अन् ऐकलं कधी, तर दाजींच्या भिंती उभ्या राहिल्यावर. ज्याचा स्लॅब अजून पडला न्हाई, ते समदं काम बंद.

गेले दाजी मुख्याधिकारी बाईंकडं. "मॅडम, मी ते अपार्टमेंटवाल्यांसाठी म्हणलो होतो." बाई शांतपणे म्हणल्या, "धोंडप्पा, नियम सगळ्यांना सारखा. वर्षभराची मुदत आहे, तोवर नवी टाकी झाली की उठवू. तात्पुरतंच आहे."

आता ह्याच्यावर माणसानं भांडावं तरी कुणाशी?

पावसाळा आला तो सरळ हॉलमधी आला. चौकट फुगली, स्वयंपाकघरात गवत वाढलं, कुणाच्या तरी शेळ्या दुपारी तिथंच बसायच्या. अन् गौरम्मा रोज संध्याकाळी जाऊन तो बिनछताचा हॉल झाडायची. दाजी म्हणले, "काहून झाडायलीस?" तर म्हणली, "घर हाय न आपलं." दाजी स्वयंपाकघरातलं गवत उपटायला बसले.

स्थगितीची मुदत संपत आली तवा पालिकेनं लोकांची बैठक घेतली. टाकी अर्धीच झालेली, मुदत वाढवायची का? समद्यांच्या नजरा दाजींकडं, मोर्चावाले तेच न. मी शेजारीच, म्हणलं, "दाजी, बोला आता, घर आठवा." तेवढ्यात वरच्या गल्लीतली लक्ष्मम्मा उठली. म्हणली, "अण्णा, बंदी आली तवापासून आमच्याकडं नळाला पाणी चढायलंय. माझ्यासारख्या कंबर मोडलेल्या बाईला घागर उचलावी लागंना झाली. तुमच्यामुळं."

दाजींनी मुदतवाढीला हळूच हात वर केला... त्यांच्या मागं सगळ्या बैठकीचे हात वर गेले.

खोलीवर आलो तर गौरम्मा दारातच.

"मंजूर झालं का?"

दाजी चपला काढत म्हणले, "झालं."

"आपला स्लॅब?"

"न्हाई. आपली मागणी."