वाळत घातलेले शेजारी

ओडेल : ती निळी चादर काढ तिथून. काल ती ग्राबोव्स्कींच्या दोरीवर होती.

व्हर्नेटा : ग्राबोव्स्की गल्ली सोडून गेले तेव्हा मला दुधाचे दात होते. चादर कोण ओळखणार?

ओडेल : घर बघायला येणारी बाई कॅलिफोर्नियाची आहे, आंधळी नाही. एकच चादर तीन घरांच्या दोऱ्यांवर फिरते म्हणजे काय?

व्हर्नेटा : घर तुझं विकायचं आणि कपडे मी वाळत घालायचे.

ओडेल : रोज घालतेसच की.

व्हर्नेटा : रोज चोरांसाठी घालते. घर रिकामं दिसलं की आधी तांब्याचे पाइप जातात, मग खिडक्या, मग कुणीतरी काडी लावतं, आणि वारा नेमका माझ्या घराकडे असतो. गिऱ्हाइकाला फसवणं वेगळं.

ओडेल : फसवत नाही, गल्ली जरा भरलेली दाखवतोय. ओसाड गल्लीत कोण घर घेईल? मी गाडी हिकमनच्या दारात लावली आहे. विचारलं तर हिकमन आत झोपलाय.

व्हर्नेटा : हिकमन टेक्सासात आहे.

ओडेल : तिथे झोपत असेलच ना?

व्हर्नेटा : तुझ्या बापानं जॉर्जियातून पळ काढला तो मागे वळून न बघता. आणि तू म्हातारपणी त्याच जॉर्जियात चाललास. त्याला कळलं तर थडग्यातून उठून कानफटात देईल.

ओडेल : बाप कापसाच्या शेतातून पळाला. मी माझ्या लेकीच्या दिवाणखान्यात चाललोय. डेनीसकडे कापूस फक्त उशीत आहे.

व्हर्नेटा : बाप वर उत्तरेत आला, लेक खाली दक्षिणेत गेली. आपल्या काळ्या लोकांच्या बुडाखाली विस्तव आहे की काय?

ओडेल : आपल्याच? माझ्या बापानं या घरासमोर ट्रकमधून पलंग उतरवला, त्याच दिवशी शेजारचा गोरा ग्राबोव्स्की आपला पलंग चढवत होता. जड होता म्हणून बापानं हात लावला. ग्राबोव्स्की म्हणाला, तुमच्याशी आमचं काही वैर नाही हं. आणि गेला उपनगरात. दोन वर्षांत अख्खी गल्ली अशीच वैर नसताना गेली.

व्हर्नेटा : मग आपण भरली ती. रविवारी गाडी लावायला जागा नसायची.

ओडेल : मग कारखाना दक्षिणेला गेला, त्याच्यामागून हिकमन गेला. बर्फाला कंटाळलेले गेले ॲरिझोनात. ताट कलंडल्यावर रस्सा एका बाजूला जातो, तसा देश झालाय.

व्हर्नेटा : आणि मी ताटाला चिकटलेलं शीत.

ओडेल : म्हणून तर म्हणतोय, चल तूही. डेनीसकडे मागे एक खोली आहे.

व्हर्नेटा : डेनीसला लहानपणी मी धपाटे घातलेत. पोरगी काही विसरत नाही. आणि तुझं इथे काय अडलंय?

ओडेल : गेल्या हिवाळ्यात पायरीवरून पडलो. तू आलीस तेव्हा माझ्या भुवयांवर बर्फ साचला होता.

व्हर्नेटा : उचललं ना मी?

ओडेल : उचललं नाहीस, पोत्यासारखं ओढलंस. तुझा खांदा अजून वर जात नाही, मला दिसतं ते. पुढच्या वेळी कोण कोणाला ओढणार?

व्हर्नेटा : गाडी थांबली बघ. आली तुझी कॅलिफोर्निया.

मारिसोल : मिस्टर गेदर? मी मारिसोल. फोनवर बोललो होतो आपण. जुने पियानो दुरुस्त करते ती.

ओडेल : ये, ये. या मिस व्हर्नेटा, पलीकडच्या घरातल्या. मान म्हणून सगळे त्यांना मिस म्हणतात. आत ये, आधी घर बघून घे.

(बऱ्याच वेळानं मारिसोल आणि ओडेल घर पाहून पुन्हा व्हरांड्यात येतात. व्हर्नेटा तिथेच बसलेली आहे.)

मारिसोल : दिवाणखान्यात तीन पियानो मावतील. तिकडे ओकलंडला माझ्या खोलीत एक ठेवला तर मी बाहेर. आणि भाडं असं, की मी खरं तर घरमालकासाठीच पियानो दुरुस्त करते. शेजार कसा आहे इथला?

ओडेल : सज्जन माणसं. एकदम शांत.

व्हर्नेटा : एक हिकमन सोडला तर.

ओडेल : व्हर्नेटा.

मारिसोल : हिकमन कोण?

व्हर्नेटा : समोरचा. ती गाडी उभी आहे ना, तो. पहाटे ट्रॉम्बोन वाजवतो.

ओडेल : हल्ली कमी केलंय त्यानं.

व्हर्नेटा : बायको सोडून गेल्यापासून वाढवलंय. आणि त्या चादरीवाल्या घरात कुत्री आहेत.

मारिसोल : किती?

व्हर्नेटा : पिल्लं धरून?

ओडेल : पिल्लं वाटली त्यांनी.

व्हर्नेटा : पुन्हा झाली. कोपऱ्यावर दोघं भाऊ राहतात, मोटरसायकली दुरुस्त करतात. म्हणजे आधी बिघडवतात.

मारिसोल : आता तर काहीच ऐकू येत नाही.

व्हर्नेटा : रविवार आहे. सगळे चर्चला गेलेत.

ओडेल : कुत्रीसुद्धा?

व्हर्नेटा : सगळ्यात भाविक तीच.

मारिसोल : मिस्टर गेदर, वाईट वाटून घेऊ नका. माझं सगळं काम कानावर चालतं. तार केसभर उतरली तरी ऐकू यावी लागते. तुमचं घर इंटरनेटवरच्या नकाशातल्या फोटोत बघितलं तेव्हा आजूबाजूची घरं रिकामी वाटली होती. म्हणून एवढ्या लांब आले. इथे तर गल्ली गजबजलेली आहे.

ओडेल : रिकामी गल्ली हवी होती तुला?

मारिसोल : हो. लोक हसतात मला.

ओडेल : मी नाही हसत. रडू येतंय.

मारिसोल : टोलीडोला आणखी एक घर आहे, ते बघते. येते मी, मिस व्हर्नेटा.

ओडेल : कठडा धरून उतर. तिसरी पायरी सैल आहे.

व्हर्नेटा : डेनीसला काय सांगणार?

ओडेल : उन्हाळ्यात बघू म्हणून. हिवाळ्यात इथे कोण घर बघायला येतंय?

व्हर्नेटा : म्हणजे हिवाळाभर आहेस.

ओडेल : आहे. झालं ना तुझ्या मनासारखं?

व्हर्नेटा : मोठी काठी घे एखादी. खाली रबर असलेली.

ओडेल : घेईन.

व्हर्नेटा : पडलास तर ओरडशील तरी का? मागच्या वेळी तोंड मिटून पडला होतास.

ओडेल : कोणाला ओरडायचं? तुला ऐकू कमी येतं.

व्हर्नेटा : ए पोरी. थांब जरा. गाडी सुरू करू नकोस.

मारिसोल : काही राहिलं का माझं?

व्हर्नेटा : तुझं नाही, माझं राहिलं. हिकमन टेक्सासात असतो. ट्रॉम्बोन त्याला धरताही येत नाही.

मारिसोल : आणि कुत्री?

व्हर्नेटा : ती मी आत्ता इथे बसून जन्माला घातली.

मारिसोल : ते दोघं भाऊ?

व्हर्नेटा : एक ॲरिझोनात, एक जमिनीत. त्यांचं रोजचं भांडण मिटलं.

मारिसोल : मग दोऱ्यांवरचे कपडे कोणाचे?

व्हर्नेटा : सगळे माझे. तो मोठा पायजमा माझ्या नवऱ्याचा. नवरा देवाघरी गेला, पायजमा अजून इथेच राहतो.

मारिसोल : म्हणजे गल्लीत आहे तरी कोण?

व्हर्नेटा : हा आणि मी. आणि हा लेकीकडे चाललाय.

ओडेल : व्हर्नेटा, तुला हे सांगायची काही गरज नव्हती.

व्हर्नेटा : तू जाऊन सामान बांध. जड काही उचलू नकोस.

मारिसोल : मिस व्हर्नेटा, मग मीही एक सांगून टाकते. तारा लावताना एकच सूर तासन् तास वाजवावा लागतो. लोक वैतागतात.

व्हर्नेटा : कुठले लोक?